बदली

बदलीच्या दिवशी आमच्या घरी पंखा बंद असतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात, नांदेडात, पहाटे पाचलासुद्धा पंख्याशिवाय बसणं ही शिक्षाच. पण तिच्या पायांवरचे काही केस इतके नाजूक असतात की हवेची साधी झुळूकही त्यांना कळते, आणि पाठीमागून आलेली झुळूक म्हणजे तिच्या लेखी कुणीतरी अंगावर आलं. मग ती पळते. एकदा तिला कपाटामागून काढण्यात अख्खा रविवार गेला होता. तेव्हापासून मी मुकाट्यानं घाम पुसत बसतो.

ती म्हणजे माझी टॅरंटुला, मोठा केसाळ कोळी. मेक्सिकोतली रेडनी जातीची: अंग काळं आणि गुडघ्यांवर केशरी ठिपके, कुणी ब्रशनं काळजीपूर्वक रंगवल्यासारखे. वय अकरा वर्षं. आई तिला ‘बाई’ म्हणते. ‘तुझी बाई जेवली का रे?’ हे आमच्या घरात रोज विचारलं जाणारं वाक्य आहे. त्यावर ‘नाही, दीड महिना झाला’ असं उत्तर मी दिलं की पाहुणे माझ्याकडे संशयानं बघतात.

मी बँकेत आहे. दर तीन-चार वर्षांनी बदलीची ऑर्डर येते, चार्ज द्यायचा, सामान बांधायचं, नव्या गावात खोली बघायची. त्यामुळं तिला एका घरातून दुसऱ्या घरात हलवण्याला मीही बदलीच म्हणतो. फरक एवढाच, की माझ्या ऑर्डरवर सही दुसऱ्याची असते आणि तिच्या ऑर्डरवर माझी. ती सही घाईत करायची नसते, हे मला एक पाय जाऊन कळलं. तिचा पाय. ते पुढं सांगतो.

बदली कायम फरशीवर बसून करायची, टेबलावर कधीच करायची नाही. कोळ्याचं पोट म्हणजे पातळ कातड्याची भरलेली पिशवी. हातभर उंचीवरून पडलं तरी ते फुटू शकतं, आणि एकदा फुटलं की सहसा इलाज उरत नाही. दाराखालच्या फटीत ओला टॉवेल कोंबायचा. हाताशी एक पारदर्शक डबा, त्याच्या तोंडापेक्षा मोठा असा एक कडक पुठ्ठा आणि चित्रकलेचा मऊ ब्रश. माझ्याकडं ब्रश आठ नंबरचा आहे, भाच्याच्या दप्तरातला. तो तिच्या मागच्या पायांना टेकवायचा, तोही ढकलण्यासाठी नसतो. एक स्पर्श, मग थांबायचं. ती एक पाऊल पुढं टाकते. पुन्हा स्पर्श, पुन्हा थांबायचं. समोरून ब्रश नेला की तिला ते आव्हान वाटतं. ती पुढचे पाय उचलते, किंवा पाठ फिरवून मागच्या पायांनी पोटावरचे केस झाडते. ते केस डोळ्यांना दिसत नाहीत, पण मनगटाला आठवडाभर आठवत राहतात. खाजकुइलीची शेंग ज्यानं लहानपणी हाताळली असेल त्याला वेगळं सांगायला नको. उपाय म्हणजे लगेच चिकटपट्टी लावून उपटायची, आणि बदली करताना चष्मा घालायचा. ते केस डोळ्यात गेले तर मामला गंभीर होतो.

कॅशला बसून बसून माझ्या बोटांना एक सवय लागली आहे. चिकटलेली नोट जोरानं ओढली तर फाटते. अंगठा नुसता टेकवून ठेवला की ती आपोआप सुटते. ब्रशचंही तसंच आहे.

तिला आणली २०१४ मध्ये, पुण्याच्या एका हौशी माणसाकडून. तेव्हा ती हरभऱ्याएवढी होती आणि औषधाच्या डबीत मावत होती. झाकणाला तापवलेल्या सुईनं भोकं पाडली होती. पहिल्या वर्षी एकदा मी बँकेतून आलो तर आई दारातच उभी.

‘अरे, बाई गेली की रे तुझी. उताणी पडलीय.’

मी डबी उजेडात धरली. बाई खरंच उताणी होती, पण पाय पसरलेले. कोळी मरतो तेव्हा त्याचे पाय पोटाखाली आवळले जातात, मुठीसारखे. कारण पाय आवळायला त्याला स्नायू आहेत, पण मुख्य सांधे सरळ करायला तो अंगातल्या द्रवाचा दाब वापरतो. दाब गेला की मूठ मिटते. उताणा पडलेला कोळी बहुतेक वेळा कात टाकत असतो. तेव्हा हात लावायचा नाही, डबी हलवायची नाही, पाणी शिंपडायचं नाही. आम्ही दोघं जमिनीवर बसून बघत राहिलो. दोन तासांनी जुन्या सालीतून तिनं शेवटचा पाय मोजा काढल्यासारखा ओढून घेतला. नवे दात पांढरे शुभ्र होते. ते पुढं लालसर होतात, मग काळे; काळे होईपर्यंत खायला द्यायचं नाही, कारण मऊ दातांनी खाऊ गेली तर दात मोडतो. आईनं ती साल कापसात गुंडाळून हळदीकुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवली. अजून आहे.

एप्रिल २०१६ मध्ये माझी बदली लातूरला झाली. सामान टेम्पोत गेलं आणि बाई माझ्या मांडीवर, पहाटेच्या एसटीत. टिश्यू पेपर अंथरलेली छोटी डबी, ती ओल्या रुमालात गुंडाळून जेवणाच्या पिशवीत. लोहा, माळाकोळी, अहमदपूर, चाकूर; अहमदपूरपर्यंत ऊन चढायच्या आत पोचायचं हा सगळा हिशोब. शेजारच्या मामांनी विचारलं, ‘काय हाय त्येच्यात एवढं जपून?’ मी म्हणालो, ‘औषध.’ ते म्हणाले, ‘ह्या उन्हात खराब व्हईल बगा.’ चाकूरपर्यंत माझ्या डोक्यात तेवढंच घोळत होतं.

त्या महिन्यात लातूरला आलेला माणूस आधी पाण्याचं विचारायचा. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागून गेली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन. गल्लीत रात्री-अपरात्री टँकर यायचा आणि घागरींच्या रांगेत मीही असायचो. घरी आलो की बाटलीच्या बुचात चमचाभर पाणी बाईपुढं ठेवायचो. घरमालकीण काकूंनी एकदा ते बघितलं.

‘आमी टँकरची वाट बघत जागायलाव, अन् तुमचा किडा रोज ताजं पाणी प्यायलाय व्हय!’

मला उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी काकूंनीच विचारलं, ‘आज दिलं का त्याला?’ त्या कोरड्या हवेत बुचातलं पाणी दुपारपर्यंत आटायचं. आधी पुस्तकात वाचून मी सगळी माती ओली ठेवायचो; लातुरात शिकलो की एक कोपरा दमट पुरतो, ती आपली जागा आपण शोधते.

खोली जुन्या वाड्यातली होती. दगड-मातीच्या हातभर जाड भिंती, त्यात देवळी. बाहेर बेचाळीस अंश असताना त्या देवळीत हात घातला की गारवा लागायचा. बाईसाठी याहून चांगली जागा नव्हती, म्हणून डबी तिथंच ठेवली. आई मात्र त्या खोलीत एक रात्रही झोपली नाही, अंगणात खाट टाकायची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बुडवून लोक झोपले होते तेव्हा किल्लारीच्या भूकंपात अशाच जाड भिंतींनी माणसं गाडली. आईचं माहेर त्याच औसा तालुक्यातलं. तिच्यापुढं मी गारव्याची बाजू मांडली नाही.

आता पाय. २०१८ मध्ये मी हौसेनं काचेची टाकी करून घेतली, चांगली दोन फूट उंच, वर लोखंडी जाळीचं झाकण. मला ती बैठकीत ठेवायची होती, आल्यागेल्याला दाखवायची होती. बाईच्या दृष्टीनं त्या टाकीत एकही गोष्ट बरोबर नव्हती. ही जात बिळात राहणारी. तिला खोल माती लागते, उंची लागत नाही. मातीपासून झाकणापर्यंतचं अंतर तिच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त नसावं. मला हे माहीत होतं. शिवाय तिच्या पोटावरचं टक्कल काळं पडायला लागलं होतं, म्हणजे कात जवळ आली होती. अशा वेळी बदली करतच नाहीत. तेही माहीत होतं. टाकी तयार होऊन आली होती आणि मला धीर निघत नव्हता, एवढंच कारण.

नव्या घरात गेलेला कोळी पहिले काही दिवस भिंती चढतो, कोपरे चाचपतो. तिसऱ्या रात्री ती काच चढून जाळीला लोंबकळली आणि पायाची नखी जाळीत अडकली. सकाळी ती खाली मातीवर बसली होती आणि डावीकडचा दुसरा पाय वर जाळीत होता. कोळी अडकलेला पाय स्वतः बुंध्याशी सोडून देतो. तिथं निळसर पाण्याचा एक थेंब जमला होता, वाळलेला. त्यानंतर दोन महिने तिनं काही खाल्लं नाही. मी रोज संध्याकाळी बूट न काढता आधी तिच्यासमोर जाऊन बसायचो. पुढच्या कातीत त्या जागी काडीसारखा बारीक पाय आला, फिकट केशरी गुडघ्याचा. त्याच्या पुढच्या कातीत तो जवळजवळ इतरांएवढा झाला. आज नवख्याला सांगितल्याशिवाय ओळखू येत नाही. ती टाकी भाच्याला दिली, त्यात आता मासे आहेत.

खाण्याचं थोडक्यात सांगतो. लातूर म्हणजे सोयाबीन, आणि सोयाबीन म्हणजे फवारणी. शेतातला नाकतोडा धरून आणून द्यायचा मोह होतो, पण त्याच्या अंगावर काय बसलं आहे ते आपल्याला दिसत नाही. घरातल्या झुरळाचंही तेच. म्हणून मी गव्हाच्या कोंड्यात मीलवर्मच्या अळ्या वाढवतो, गाजराच्या फोडीवर. डासांचं मशीन लावत नाही; आम्ही सगळे मच्छरदाणीत झोपतो आणि याचं श्रेय बायको मला अजिबात देत नाही.

कागदपत्रांचा विषय टाळून चालत नाही. आमच्याकडं ती आली तेव्हा तिचं शास्त्रीय नाव ब्राकिपेल्मा स्मिथी म्हणून सांगितलं गेलं. २०१७ मध्ये अभ्यासकांनी दाखवून दिलं की पाळीव म्हणून फिरणारे यातले बहुतेक कोळी हामोरी या जातीचे आहेत. म्हणजे माझ्या घरात बसल्या बसल्या तिचं नाव बदललं. ही जात आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्यांपैकी आहे. केंद्रानं २०२० मध्ये अशा परदेशी प्राण्यांची स्वेच्छेनं माहिती द्यायला मुदत दिली, तेव्हा मी अर्ज केला. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनंतर ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणीही केली. फॉर्म भरणं हा माझा धंदाच आहे. पण कुणी किनवटच्या जंगलातल्या मोठ्या कोळ्याचा फोटो पाठवून ‘धरू का?’ विचारतो, तेव्हा मी रागावतो. आपल्याकडचा निळा कोळी आंध्रातल्या गुत्तीच्या रेल्वे आवारात सापडला म्हणून १८९९ मध्ये त्याची नोंद झाली, नंतर शंभर वर्षं त्याचा पत्ता नव्हता. २००१ मध्ये नंद्याल आणि गिद्दलूर यांच्यामधल्या जंगलात तो पुन्हा सापडला. त्याचं घर एवढंसंच आहे. बिळातून काढलेल्या कोळ्याची बदली होत नसते, ती चोरी असते.

२०१९ ला आम्ही परत नांदेडला आलो. २१ मार्च २०२४ च्या सकाळी सहाच्या सुमारास हिंगोलीकडं भूकंप झाला, इकडं भांडी वाजली. आई सगळ्यांच्या आधी अंगणात. थोड्या वेळानं मी आत जाऊन बघितलं तर बाई बिळाच्या तोंडाशी पाय पसरून, मातीला अंग चिकटवून बसली होती. ही तिची नेहमीचीच बसण्याची पद्धत, मी त्यातून काही अर्थ काढत नाही. आई मात्र म्हणाली, ‘तिलाबी कळलं बग.’

या मे महिन्यात तिच्यासाठी नवं घर आलं: लांबट, बुटकं, बाजूला भोकं पाडलेलं, आत वीतभर नारळाचा भुसा आणि लाल माती. एका कोपऱ्यात अर्धं कौल, तिनं त्याखाली राहावं म्हणून. जुन्या पेटीतून तिला काढायला मोठ्या तोंडाची बरणी हवी होती. घरात एकच होती, आईची लोणच्याची, कैऱ्या अजून यायच्या होत्या म्हणून रिकामी. चार वेळा धुऊन घेतली, वास जाईपर्यंत. ब्रशचे अकरा स्पर्श मोजले. ती बरणीत गेली, मी पुठ्ठा सरकवला, बरणी आडवी करून तशीच नव्या घरात ठेवली, पुठ्ठा काढला आणि झाकण लावलं. ती बाहेर आली नाही. बाहेर ओढायचं नसतं. खोलीतला दिवा मालवून पंखा लावला.

रात्री अकराला दोन पाय बरणीच्या काठावर होते. सकाळी पुन्हा आत. तिसऱ्या दिवशी तिनं बरणीच्या तोंडाशी माती ओढून आणली. दहा दिवसांत तोंड निम्मं बुजवलं आणि आतून रेशमाचा पांढरा गालिचा अंथरला. कौलाकडं ती फिरकलीसुद्धा नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आईनं बाजारातून पाच किलो कैऱ्या आणल्या, फोडून मीठ-हळद लावली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

‘बरणी?’

मी पाकीट घेतलं आणि वजिराबादच्या बाजारात नवी बघायला निघालो. मागून तिनं आवाज दिला, ‘काचेची आण. अन् झाकण घट्ट बसतंय का बगून घे.’