बाबांचा पासवर्ड

बाबांच्या मेलचा पासवर्ड मीच पुसला. हॅकरनं नाही, व्हायरसनं नाही. मी, माझ्याच कोडनं, रविवारी दुपारी जेवण झाल्यावर.

घरातल्या जुन्या लिनक्स लॅपटॉपवर मी मेल वाचायचं एक छोटं अ‍ॅप लिहिलं होतं. पासवर्ड ठेवायला ग्नोमची लिबसीक्रेट लायब्ररी. तिच्यात आधी स्कीमा ठरवावा लागतो, म्हणजे हा पासवर्ड पुढे कशावरून शोधायचा, ते. सर्व्हर, युजर, पोर्ट असे अ‍ॅट्रिब्यूट आणि प्रत्येकाचा प्रकार: स्ट्रिंग, पूर्णांक किंवा बूलियन. अ‍ॅट्रिब्यूट गुप्त धरले जात नाहीत. आई मसाल्याच्या डब्यांवर नावाची पट्टी चिकटवते, तसंच ते. (तिथे पिन लिहून ठेवणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार.) सोबत एक लेबलही असतं, पण ते माणसांना वाचायला, स्कीमावरून शोधताना त्याचा उपयोग नाही.

मी एकच अ‍ॅट्रिब्यूट ठेवला: सर्व्हर. तेव्हा घरात मेल वापरणारे एकटे बाबाच. कशाला वाढवा?

बाबा गेल्यावर सातआठ महिन्यांनी आईनं स्वतःचं मेल खातं काढलं. त्याच सर्व्हरवर. मी तिचा पासवर्ड अ‍ॅपमध्ये भरला. लिबसीक्रेटचा नियम साधा आहे: तेच अ‍ॅट्रिब्यूट असलेली नोंद आधीपासून असेल, तर नवी नोंद तिची जागा घेते. ना एरर, ना 'नक्की का?' असा प्रश्न. लायब्ररीला वाटलं, त्याच खात्याचा पासवर्ड बदललाय. तिचं बरोबरच होतं. घरात दोन माणसं आहेत हे मी तिला सांगितलंच नव्हतं.

तो पासवर्ड बाबांनी एकदाच टाइप केला होता, दोन बोटांनी, मला "तिकडे बघ" म्हणून. कुठेही लिहिलेला नव्हता. सिम बंद झालेलं, म्हणजे ओटीपीही येणार नव्हता.

संध्याकाळी आईनं चहा देताना विचारलं, "यांच्या मेलमधले फोटो दिसतील ना रे इथे?"

"बघतो," मी म्हणालो.

रात्री स्कीमात 'युजर' वाढवला. एका ओळीचं काम. आईचा पासवर्ड नव्यानं भरला, मग बाबांचा पत्ता टाकून शोधलं. शून्य नोंदी. स्पेलिंग तपासून पुन्हा शोधलं.

आई अधूनमधून विचारते. मी अजून 'बघतोय'.