साकुरा राहू द्या, करवंदी बघा!

फेब्रुवारी संपत आला की ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये प्लॅन शिजायला लागतात. कुणाला जपानचा साकुरा बघायचा असतो, कुणाला काश्मीरचा बदामाचा बहर. रजा आणि ईएमआय यांचं गणित जमत नसेल, तर शनिवारी पहाटेचा गजर लावा आणि जुन्या मुंबई-पुणे हायवेवरचा सोमाटणे फाटा गाठा. तिथून आत शिरगाव. प्रतिशिर्डीच्या साईमंदिरामुळे हे गाव बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण दर्शन आटोपलं की मंडळी थेट मिसळीकडे वळतात. आपण शेतांकडे वळायचं.

इथे रांगेत लावलेल्या बागा शोधू नका. मावळ हा इंद्रायणी तांदळाचा मुलूख. फळझाडं असतात ती बांधावर, विहिरीजवळ, घरामागे आणि डोंगरउतारावर.

पहिला भेटतो आंब्याचा मोहर. फोटोत तो काही खास येत नाही. पिवळट-तांबूस तुरे आणि त्यावर घोंगावणाऱ्या माश्या, बस्स. पण झाडाखाली दोन मिनिटं उभं राहा, वास डोक्यात चढतो. माश्यांना हाकलू नका हं, परागीभवन त्याच करतात. एका तुऱ्यात शेकडो, कधी हजारांवर फुलं असतात. त्यातली बरीचशी नुसती नर. आंबे धरतात ते मोजकेच. ढगाळ हवा आली की तुडतुडे आणि भुरी, अवकाळी पाऊस आला की झाडाखाली सडा. "काय मस्त मोहर आलाय!" असं मी म्हटलं, तर बांधावरच्या आजी हसल्या. "मोहर आला म्हंजी आंबा आला न्हाई, बाळा. चैत बघून बोलायचं."

मला खरं वेड लावलं ते करवंदीने. काटेरी, ओबडधोबड जाळी; एरवी कुणी ढुंकूनही बघणार नाही. या दिवसांत तिला चांदण्यांसारखी पांढरी फुलं येतात आणि सकाळच्या गारव्यात थेट जाई-जुईची आठवण होते. मावळची फुलं म्हणजे पॉलिहाऊसमधले व्हॅलेंटाइनचे गुलाब, एवढंच माहीत असलेल्यांनी हा वास एकदा घ्यावाच. फांदी मात्र तोडू नका. पांढरा चीक हाताला चिकटतो आणि तुटलेल्या प्रत्येक फुलामागे मे महिन्यातलं एक करवंद कमी होतं.

त्या करवंदांवर कुणाचा तरी उन्हाळा चालतो. कातकरी, ठाकर बायका उतारावरून ती वेचून लोणावळा-खंडाळ्याच्या रस्त्यावर पानांच्या द्रोणात विकतात. करवंदीच्या नावावर सातबारा नसतो. त्यामुळे 'माउंटन व्ह्यू' प्लॉटचं काम सुरू झालं की जेसीबी आधी तिलाच खरवडतो. मग तारेचं कुंपण आणि गेटवर वॉचमन. साइट व्हिजिटला येणारे बहुतेक आपल्यातलेच असतात, गळ्यात आयडी कार्ड अडकवणारे. पुढच्या वेळी ब्रोकरला पाण्याचं विचारताना, उतारावरच्या जाळ्यांचं काय करणार तेही विचारा. त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आठच्या आत पोहोचा, उन्हात वास विरतो. खासगी बांधावर जाताना हाक मारून विचारा. सहसा कुणी नाही म्हणत नाही, उलट चहा मिळतो. आणि जांभळाला अजून वेळ आहे. त्याची बारीक, फिकट फुलं मार्च-एप्रिलमध्ये येतात, तेव्हा झाडाखालची जमीन पांढुरकी होते. तेवढ्यासाठी आणखी एक शनिवार मोकळा ठेवा.