मोपाच्या सड्यावरून अगत्तीच्या बेटावर

गोमंतकीयाला समुद्राचे अप्रूप नसते असे म्हणतात. सत्तरीच्या रानात वाढलेल्या आम्हां वाळपईकरांच्या बाबतीत हे विधान अर्धेच खरे आहे. आमचा नित्याचा शेजार म्हादईचा. समुद्र आम्हांस जत्रेसारखा, वर्षाकाठी एकदा भेटणारा. अशा डोंगराकडच्या माणसाने चारही बाजूंस समुद्रच असलेल्या भूमीवर विमानातून उतरावे, हा अनुभव वेगळाच. गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही सहकुटुंब लक्षद्वीपातील अगत्ती बेटावर जाऊन आलो. ज्या वाचकांच्या मनात तेथे जाण्याचे असेल, त्यांना उपयोगी पडेल अशी काही माहिती, आणि सोबत दोन विचार, येथे मांडीत आहोत.

पूर्वी गोव्याचे आकाश म्हणजे दाबोळी. पोर्तुगीज राजवटीत १९५५ साली सुरू झालेल्या त्या विमानतळाच्या धावपट्टीवर १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाने बॉम्ब टाकले, आणि दुसऱ्याच दिवशी गोवा मुक्त झाला. पेडण्यातील मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून वाहतुकीस खुला झाला. पुढे २०२४ मध्ये गोव्यातच मुख्यालय असलेल्या ‘फ्लाय ९१’ या कंपनीने मोपाहून थेट अगत्तीस विमान सुरू केले. त्याआधी आम्हां लोकांना कोचीचा वळसा अटळ होता. वाळपईहून साखळी, डिचोली, अस्नोडा, थिवी या मार्गाने कोलवाळला शापोरा नदी ओलांडली की धारगळ येते, आणि तेथून मोपाचा फाटा. मोटारीने दीड तास पुरतो. तरीही घरून वेळेचा हात सैल ठेवूनच निघावे. उड्डाणांचे वार ऋतुमानाप्रमाणे बदलतात, तेव्हा ते आधी पाहून घ्यावेत.

मोपा ते अगत्ती हे सरळ अंतर सुमारे पावणेसहाशे किलोमीटर. विमान पंख्यांचे, सत्तरएक आसनांचे. पाऊण वाट सरेपर्यंत खाली केवळ निळाई असते. मग एकाएकी पाण्याचा रंग पालटतो. गर्द निळ्यातून मोरपंखी, मोरपंखीतून फिका हिरवा, आणि त्यात माडांनी भरलेली एक लांबट, चिंचोळी पट्टी. ही अगत्ती. लांबी सुमारे साडेसात किलोमीटर; रुंदी, जेथे सर्वांत अधिक तेथेही, किलोमीटरभर. दक्षिण टोकाकडे ती इतकी अरुंद होते की धावपट्टीच्या दोन्ही अंगांस समुद्रच दिसतो. चाके भूमीस लागेपर्यंत आपण पाण्यावरच उतरत आहोत असे वाटते, आणि शेजारच्या आसनावरचा बोलका गृहस्थही क्षणभर मौन धरतो!

हा विमानतळ १९८८ साली सुरू झाला आणि आजही प्रवासी विमानांसाठी संपूर्ण लक्षद्वीपात तो एकटाच आहे. धावपट्टी अवघी सुमारे बाराशे मीटर. मोपाची साडेतीन हजारांच्या घरातली. आखूड धावपट्टीमुळे विमानास वजनाचे बंधन पाळावे लागते, त्यामुळे सर्व आसने भरता येतीलच असे नाही. येथे भव्य दालने, सरकते जिने वा झगमगती दुकाने शोधू नयेत. इमारत लहान, माणसे थोडी, पायी चालण्याचे अंतर त्याहून थोडे.

आता व्यवहाराच्या गोष्टी. लक्षद्वीपास जाण्यास भारतीय नागरिकासही प्रशासनाचा प्रवेश-परवाना लागतो. यास्तव आधी परवाना व राहण्याची सोय, मग तिकीट, हा क्रम सोडू नये. सामान बेताचे घ्यावे. नित्याची औषधे पुरेशी बरोबर असावीत, रोख रक्कमही असावी. वस्ती बहुतांशी मुस्लिम, भाषा मल्याळमची एक बोली. वेशात व वागण्यात संयम असावा. बेटावर दारूबंदी आहे, हे गोव्याहून जाणाऱ्याने विशेष ध्यानात ठेवावे. पोवळ्याचा तुकडा उचलून आणणे हा गुन्हा आहे. ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंतचा काळ उत्तम. हवा बिघडली तर उड्डाण लांबते. म्हणून परतीनंतरच्या कामांत एक-दोन दिवसांची सवड ठेवावी.

बेटाच्या पश्चिमेस प्रवाळाच्या कड्याने अडविलेले उथळ, शांत पाणी आहे. मराठी शालेय भूगोलात त्यास ‘खाजण’ म्हणतात. आमच्या तिसवाडी-बार्देशात मात्र खाजन म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली भातजमीन. शब्द एक, अर्थ दोन. पण दोन्हींचे मर्म एकच, की समुद्राशी वैर न करता त्याला उंबऱ्याबाहेर थोपवून धरणे. तो प्रवाळाचा कडा फुटला, तर बेटाचा बांधच फुटला म्हणायचे.

आम्हांस तेथे एक वयस्क शिक्षक भेटले. एका व्यवसायाचे म्हणून गप्पा रंगल्या. ते म्हणाले, “विमानाचा आवाज आला की आम्हांला आधी आजारी माणूस आठवतो, पाहुणा नंतर.” आम्ही विचारात पडलो. जहाजाने कोची गाठण्यास चौदा ते वीस तास लागतात, आणि पावसाळ्यात दर्या खवळला की तेही बेभरवशाचे. सत्तरीतल्या आडगावातून रुग्णाला बांबोळीस नेताना रस्ता किती लांब होतो, हे आपण जाणतोच. येथे तर रस्ताच नाही. आपण हौसेने घेतलेले आसन कोणाच्या निकडीचे असू शकते, याचे भान पर्यटकाने बाळगावे.

पाण्याचेही तसेच. पावसाचे गोडे पाणी वाळूखाली, खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. उपसा वाढला की खारेपणा वर चढतो. म्हणून २०११ साली येथे समुद्राचे पाणी गोडे करणारा, दिवसाला एक लाख लिटर क्षमतेचा प्रकल्प उभारण्यात आला. स्नानगृहातला नळ सोडताना हा आकडा आठवावा.

ही धावपट्टी वाढवावी असा प्रस्ताव बरीच वर्षे चर्चेत आहे. रुग्णाच्या दृष्टीने ते स्वागतार्ह. परंतु वाढविण्यास जागा आहे ती समुद्रातच. मोपाच्या सड्यावरही काजूची झाडे, झरे आणि कुळांच्या जमिनी होत्या. २०१९ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकल्पाची पर्यावरणीय परवानगी स्थगित केली, आणि २०२० च्या जानेवारीत अधिक अटी घालून स्थगिती उठविली. विमानतळ झाला, त्याचा लाभ आम्हीही घेतला. कृतघ्न होण्याचे कारण नाही. तथापि पेडण्यात ज्याची जमीन गेली त्याला निदान पाठीमागे सह्याद्री तरी आहे. बेटावरच्या माणसाने मागे सरकायचे म्हटले, तर पाठीशी पाणीच.

असो. वाचकांनी अगत्तीस अवश्य जावे. मुलाबाळांना न्यावे, कंकणाकृती प्रवाळद्वीप पुस्तकाबाहेर दाखवावे. मात्र चार दिवसांचे पाहुणे म्हणून जावे, आणि यजमानाच्या घागरीतले पाणी जपून प्यावे.