मालक क्रमांक १०४७

दिवाळीच्या आधी माळा साफ करणे हा आपल्या घरांतला वार्षिक कलहाचा विषय आहे. वडिलांची मोडकी छत्री ठेवायची की भंगारवाल्याला द्यायची, यावर ज्या घरात एकमत झाले असे घर मी अद्याप पाहिलेले नाही. तरी घरचा माळा बरा म्हणायचा. तो निदान डोळ्यांना दिसतो, आणि त्यावर हक्क सांगणारी माणसेही चार-पाचच असतात. पुण्यात मी ज्या विद्यापीठ-विभागात भाषाशास्त्र शिकवतो त्या विभागाचा माळा कोणालाच दिसत नाही, आणि त्यावर हक्क सांगणारी मंडळी मात्र चाळीस आहेत.

हा माळा म्हणजे विभागातल्या सगळ्या कॉम्प्युटरांचे सामायिक कोठार. जिन्याखालच्या खोलीत एक काळी पेटी होती. तीत प्रत्येकी दोन टेराबाइटच्या चार डिस्क होत्या. टेराबाइट म्हणजे सुमारे एक लाख कोटी अक्षरे. १९५६ साली आयबीएमने जगातले पहिले डिस्क-कोठार विकायला काढले, तेव्हा दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्यांवर मिळून पन्नास लाख अक्षरे मावत. त्या मानाने आमची पेटी कुबेराची! २०१२ साली ती आली तेव्हा 'आता वीस वर्षं बघायला नको' असे सर्वांनी एकमेकांना सांगितले होते. २०२३ च्या उन्हाळ्यात ती काठोकाठ भरली, आणि रात्री-बेरात्री कण्हूही लागली.

पेटी बदलण्यासाठी समिती नेमली गेली. मागे एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी ओढून काढला होता. तेवढ्या पात्रतेवर मी समितीचा निमंत्रक झालो. सुदैवाने संगणक केंद्राने एक हुशार मुलगा मदतीला दिला. त्याने पेटी उघडून आत काय आहे त्याची यादी काढली. 'नवीन', 'नवीन नवीन', 'अंतिम', 'अंतिम दुरुस्त', 'हेच अंतिम' आणि 'हे नको ते बघा' अशा नावांचे फोल्डर पाहून तो गंभीरपणे म्हणाला, "सर, इथे एकाच वस्तूच्या सात-सात प्रती आहेत."

"मग बरंच आहे की," मी म्हणालो.

"नाही ना. सातही एकाच पेटीत आहेत."

त्याने मला पेटीची रीत समजावून सांगितली. १९८८ साली अमेरिकेत बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी स्वस्त डिस्क एकत्र जुंपण्याची एक कल्पना मांडली. समजा, तीन संख्या तीन वह्यांत लिहिल्या आणि त्यांची बेरीज चौथ्या वहीत लिहिली. आता कोणतीही एक वही हरवली तरी उरलेल्या तिन्हींवरून तिच्यातला आकडा काढता येतो. आमच्या चार डिस्कचे असेच होते. म्हणून जागा चार डिस्कची असूनही कामाला येत होती ती तिघींची. एक डिस्क गेली तर निभावणार होते, दुसरी गेली की सारेच गेले. आणि चौघीही एकाच दिवशी विकत घेतलेल्या, एकाच वयाच्या.

नव्या पेटीत दोन डिस्क गेल्या तरी भागणार होते. प्रश्न होता तो जुनीतले नवीत नेण्याचा. इमारतीतल्या जुन्या तारांमधून सेकंदाला फार तर बारा मेगाबाइट जाणार. पाच टेराबाइट सामान, म्हणजे पाच दिवस आणि पाच रात्री. म्हाताऱ्या डिस्कला एवढी दगदग सोसेल की नाही, हे कोणीच छातीठोकपणे सांगेना. म्हणजे आधी काय न्यायचे हे ठरवणे आले. शेवटी राहील ते कदाचित कायमचे राहील.

समितीने सरळ नियम केला : जे अलीकडे उघडले गेले ते आधी, आणि जे वर्षानुवर्षे कोणी उघडले नाही ते शेवटी. नियम इतका शहाणपणाचा होता की त्याला कोणी विरोध केला नाही. यादीच्या अगदी तळाशी एक फोल्डर होता. नऊ वर्षांत त्याला कोणाचा हात लागला नव्हता. मालकाच्या रकान्यात नाव नव्हते, नुसता आकडा होता : १०४७.

"असं कसं?" मी विचारले.

"पेटी माणसांना आकड्यानेच ओळखते, सर. नावं वेगळ्या नोंदवहीत असतात. माणूस निवृत्त झाला की खातं बंद होतं, नोंदवहीतलं नाव जातं. फायलींवर आकडा तेवढा राहतो."

त्याने एक फाइल चालू केली. खरखर झाली, कोंबडा आरवला आणि एक बाईचा आवाज म्हणाला, "आजी, ह्याला तुमच्याकडं काय म्हणतात?" त्याच वेळी आमचे शिपाईमामा चहा घेऊन दारात आले होते. ते तिथेच थांबले.

"अहो, ह्या तर बाई!" ते म्हणाले.

आमच्या विभागातल्या त्या बाई २०१५ साली निवृत्त झाल्या आणि २०१९ साली वारल्या. ऐंशीच्या आणि नव्वदीच्या दशकांत एस.टी.ने, बैलगाडीने आणि पायी त्या घाटमाथ्यावरची गावे हिंडल्या होत्या. तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची बोली त्यांनी कॅसेटांवर उतरवून घेतली होती. निवृत्तीआधी एकट्याने बसून त्यांनी तीनशे कॅसेटा कॉम्प्युटरात घातल्या. मूळ कॅसेटांची फीत तोवर बुरशीने खाल्ली होती. बोलणाऱ्या आजी तर तेव्हाच ऐंशीच्या घरातल्या.

मी समितीची पुन्हा बैठक बोलावली. एक सहकारी म्हणाले, "नऊ वर्षं कुणी ऐकलं नाही, अजून पाच दिवस नाही ऐकलं तर काय बिघडतं? परीक्षेच्या फायली आधी न्या." त्यांचेही खोटे नव्हते, परीक्षेच्या फायली रोज लागतात. मी एवढेच म्हणालो, की परीक्षेच्या फायलींची एक प्रत परीक्षा विभागात आहे, परिपत्रकांच्या प्रती गावभर आहेत. किती वेळा लागते हे विचारण्याऐवजी, हे गेले तर दुसरीकडे कुठे मिळेल, असे प्रत्येक फोल्डरला विचारू या. तासाभराने यादी उलटी झाली. तळाचा १०४७ पहिला आला.

तो पहिल्या रात्रीच पोचला. चौथ्या रात्री जुन्या पेटीतली एक डिस्क गेली. उरलेल्या तिघींवर तिचा आकडा काढत काढत काम चालू राहिले. वेग निम्म्यावर आला आणि आम्ही आळीपाळीने जिन्याखाली जाऊन उगाचच पेटीला हात लावून पाहू लागलो. आठव्या दिवशी सगळे पार पडले.

नव्या पेटीचे कौतुक चालू असताना समितीतले सर्वांत वयस्क सभासद म्हणाले, "आणि ही पेटीच गेली तर?" २०२१ च्या डिसेंबरात जपानमधल्या क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावरचा सुमारे ७७ टेराबाइट मजकूर पुसला गेला होता, आणि तोही प्रती काढणाऱ्या प्रणालीतल्याच चुकीमुळे. ते उदाहरण मुलाने सांगितले. पण आमच्यावर परिणाम झाला तो वयस्क सभासदांच्या दुसऱ्या वाक्याचा. ते म्हणाले, "मी १२ जुलै १९६१ पाहिलाय." पानशेतच्या पुराचे नाव काढल्यावर पुण्यात ठराव मंजूर व्हायला वेळ लागत नाही. आता एक प्रत गावाच्या दुसऱ्या टोकाला, उंचावरच्या इमारतीत असते.

एवढे झाल्यावर बाईंची सूची उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला! युनिकोड रुळण्यापूर्वीच्या एका मराठी फाँटमध्ये त्यांनी ती टाइप केली होती. फाँट नाही तर मराठीही नाही. एकही अक्षर न हरवता फाइल आली होती आणि तरी ती वाचता येत नव्हती. आजोबांच्या पेटीतले मोडी कागद ज्यांच्या घरी आहेत त्यांना हे दुःख कळेल. अखेर आमचे निवृत्त टंकलेखक जुन्या सीडीतून तो फाँट घेऊन आले, आणि महिनाभर रोज दुपारी येऊन एका विद्यार्थिनीबरोबर ओळ न् ओळ तपासत बसले. रूपांतराचे साधन असते, पण ते जोडाक्षरांत फसते. 'प्र'चे भलतेच काही होते, आणि गावाचे नाव चुकले की ती आजी कुठली हे कायमचे चुकले.

मालकाच्या रकान्यात आता विभागाचे नाव आहे. मृत माणसाचे खाते उघडण्याची सोय नियमांत नाही. म्हणून सूचीच्या पहिल्या ओळीत, गावांच्या आधी, टंकलेखकांनी बाईंचे पूर्ण नाव लिहिले आहे. या वेळी युनिकोडमध्ये.