जीपचं इंजिन बदलण्याआधी

आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जुनी जीप घेऊन येणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं. "मिस्त्री, चढाला दम टाकतीया गाडी. इंजिनच बदला." कोणतं बसवायचं, हेही तो ठरवूनच आलेला असतो. कुणाला पाहुण्यांच्या जीपमध्ये आहे तसलं डिझेल हवं असतं, कुणाला थारचं, तर कुणाच्या हाती भंगारात स्वस्तात एखादं इंजिन लागलेलं असतं. मी एवढंच विचारतो, की दम नेमका कुठं टाकते? करूळ घाटात दुसऱ्या गिअरवर, चिखलात लो गिअर टाकल्यावर, की हायवेला ऐंशीच्या पुढं? या तीन तक्रारींची तीन वेगळी कारणं असतात. नवं इंजिन हा त्यातल्या फार तर एकीवर इलाज आहे.

मी बोलतोय ती विलीज घराण्याची जीप. दुसऱ्या महायुद्धातली एमबी आणि तिच्या मागून आलेली नागरी सीजे मालिका. स्वातंत्र्यानंतर लगेचच महिंद्रांनी मुंबईत माझगावला या जीप जोडायला सुरुवात केली. अमेरिकेत १९५३ साली आलेली सीजे-३बी तिकडं १९६८ मध्ये बंद झाली, पण आपल्याकडं तिचा साचा त्यानंतरही कितीतरी वर्षं चालत राहिला. साखर कारखाना, पाटबंधारे खातं, वनखातं, पुढारी, आणि शेवटी वडाप, म्हणजे भाड्यानं माणसं नेणं. पश्चिम महाराष्ट्रात या गाडीनं काय ओढलं नाही, असं विचारावं.

एमबीचं इंजिन 'गो-डेव्हिल'. चार सिलिंडर, २१९९ सीसी, ६० हॉर्सपॉवर. विलीजचं जुनं ४८ हॉर्सपॉवरचं इंजिन डेल्मर रूस या अभियंत्यानं सुधारून सुधारून इथवर आणलं होतं. सीजे-३बीमध्ये आलं 'हरिकेन'. खालचा ब्लॉक त्याच जातीचा, एक्झॉस्ट वॉल्व्ह ब्लॉकमध्येच, फक्त इनलेट वॉल्व्ह वर हेडमध्ये नेलेले. ताकद सत्तरच्या पुढं गेली आणि उंचीही वाढली. सीजे-३बीचं बोनेट एवढं उंच दिसतं ते या हेडमुळं. म्हणून एमबी किंवा सीजे-२एच्या बसक्या बोनेटखाली हरिकेन बसवायचं म्हटलं, की पत्रा कापणं आलं. उलट सीजे-३बीत गो-डेव्हिल आरामात बसतं.

या दोन्ही इंजिनांचा बोअर ७९.४ मिलिमीटर आणि स्ट्रोक १११ मिलिमीटर आहे. म्हणजे पिस्टन अरुंद, पण त्याची धाव लांब. त्याला जड फ्लायव्हीलची जोड. त्यामुळं जवळजवळ आयडलवरसुद्धा हे इंजिन मरत नाही, धडधडत ओढत राहतं. २००० फेऱ्यांना हरिकेनचा टॉर्क साधारण १५५ न्यूटन-मीटर असतो. आकडा आजच्या मानानं किरकोळ वाटेल, पण तो किती खाली मिळतो आणि पुढं त्याचं काय होतं ते बघावं लागतं. टी-९० गिअरबॉक्सचा पहिला गिअर २.८, ट्रान्सफर केसचा लो २.४६ आणि क्राऊन-पिनियन ५.३८. तिन्हींचा गुणाकार केला तर ३७ येतो. इंजिन ८०० फेऱ्यांवर असताना चाकं ताशी जेमतेम तीन किलोमीटरनं फिरतात, चालत्या माणसापेक्षाही हळू. दाजीपूरच्या बाजूला पावसाळ्यात तांबड्या चिखलातून जीप नेणाऱ्यानं पाय अॅक्सिलरेटरवरून काढून घ्यावा आणि गाडीनं आपली आपण चढण चढावी, यासाठीच हा सगळा हिशोब बसवलेला आहे.

म्हणून माझं म्हणणं असं, की जुन्या जीपचं इंजिन हॉर्सपॉवर बघून निवडूच नये. क्लचपासून मागच्या हबपर्यंत जे आहे, त्याला काय झेपतं आणि काय लागतं ते आधी बघावं, आणि मग त्याला जुळणारं इंजिन शोधावं.

त्याआधी जुन्या इंजिनाला न्याय द्यावा. चढाला दम टाकणाऱ्या कितीतरी जीपचं इंजिन मेलेलं नसतंच. डिस्ट्रिब्युटरमधला अॅडव्हान्स गंजून अडकलेला असतो, कार्ब्युरेटरचा थ्रॉटल शाफ्ट झिजून हवा खेचत असतो. अलीकडं इथेनॉलमिश्रित पेट्रोलनं जुन्या फ्युएल पंपाचा डायफ्रॅम आणि रबरी नळ्या मऊ पडतात, त्याचीही भर पडली आहे. चारही प्लग काढून कॉम्प्रेशन मोजावं. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल, तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावं. आकडा वर आला तर रिंगा गेल्या, तिथंच राहिला तर बहुतेक वॉल्व्ह. ही तपासणी अर्ध्या तासाची आहे आणि तिच्यावाचून इंजिन उतरवणं मला पटत नाही. बोअर झिजला असेल तर ओव्हरसाइज पिस्टन, साठ थाऊपर्यंत (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाऊन झालं असेल तर स्लीव्ह टाकून पुन्हा स्टँडर्ड. क्रँक दहा अंडर, वीस अंडर, तीस अंडर. आमच्या गावात ही कामं हातखंडा करणारी माणसं अजून आहेत. ब्लॉकला वॉल्व्ह सीटपासून बोअरपर्यंत तडा गेला असेल, तेव्हा मात्र थांबून विचार करावा लागतो. तो बारीक असेल तर स्टिचिंगनं वाचतो. पाण्याची जॅकेट आतून गंजून पातळ झाली असतील, तर वाचत नाही.

मग दुसरं इंजिन. माझी पहिली पसंती त्याच घराण्यातल्या दुसऱ्या ब्लॉकला. बेल हाउसिंग तेच, फाउंडेशन तेच, क्लच तोच. शोधायला वेळ लागतो, पण बसवायला लागत नाही.

डिझेलचा मोह का होतो, ते मी जाणतो. तेलाचे भाव चढल्यावर ज्यांनी पेट्रोल जीपमध्ये डिझेल बसवलं, त्यांनी पोटासाठी बसवलं. वडापच्या फेऱ्या पेट्रोलवर परवडणाऱ्या नव्हत्या आणि त्यांचा निर्णय बरोबरच होता. पण आज जो हौसेसाठी जीप ठेवतो, महिन्यातून दोनदा बाहेर काढतो, त्यानं 'डिझेलला खेच जास्त' हे ऐकून घ्यायच्या आधी आकडे मांडावेत. एमएम ५४० मध्ये आलेलं प्यूजोचं २११२ सीसी डिझेल घ्या. चांगलं, टिकाऊ इंजिन आहे. पण ताकद साधारण ६२ हॉर्सपॉवर आणि टॉर्क १२० न्यूटन-मीटरच्या आसपास, म्हणजे दोन्ही बाबतीत हरिकेनपेक्षा कमी. बोअर ९० मिलिमीटर, स्ट्रोक ८३. विलीजच्या अगदी उलट घडण. ते वर फिरवलं की खुलतं. हरिकेनच्या जागी ते बसवणाऱ्याला सरासरी मिळते, घाटातली खेच मिळत नाही. महिंद्राचं थेट इंजेक्शनचं अडीच लिटर डिझेल खाली उत्तम ओढतं, पण ते ३२०० फेऱ्यांच्या आसपास थांबतं. जीपच्या टायरचा घेर आणि ५.३८ चा क्राऊन धरून हिशोब केला, तर ३२०० फेऱ्यांना गाडी ताशी ऐंशीला पोचते. तीच तिची हद्द. हायवेसाठी इंजिन बदलायला आलेल्या माणसाच्या हाती मग काहीच पडत नाही. क्राऊन-पिनियन बदलायचं तर पुढचं आणि मागचं दोन्ही बदलावं लागतं. दोन्हींचं गुणोत्तर वेगळं ठेवून फोर बाय फोर टाकलं, तर कडक रस्त्यावर ट्रान्सफर केस स्वतःशीच झगडत बसते.

याच्या दुसऱ्या टोकाला नवी कॉमन रेल इंजिनं. २०१० च्या थारमधलं १०५ हॉर्सपॉवरचं इंजिन २४७ न्यूटन-मीटर टॉर्क देतं, हरिकेनच्या दीडपटीहून जास्त. ते टी-९० गिअरबॉक्समागून जुन्या जीपच्या मागच्या अॅक्सलपर्यंत पोचतं, तेव्हा तिथं टेपर शाफ्टवर एका चावीच्या जोरावर उभा असलेला हब असतो. म्हाताऱ्या बैलाशेजारी तरणा खोंड जुंपला, तर मान म्हाताऱ्याचीच मोडते. आधी चावी तुटते, मग गिअरचे दात, मग क्राऊन. हे सगळं बदलत गेलं, की वर फक्त पत्रा विलीजचा उरतो. ज्याला तशी गाडी हवी, त्यानं ती जरूर बनवावी, पण खर्चाचा आकडा इंजिनाच्या किमतीवरून धरू नये.

कारखान्यानं स्वतः मोठं इंजिन बसवलं, तेव्हाही हाच प्रश्न होता. १९६० च्या दशकाच्या मध्यात सीजे-५ ला ब्यूइकचं २२५ घनइंची व्ही-सिक्स मिळालं. कायझर कंपनीनं त्याचं टूलिंगच विकत घेतलं आणि त्याला 'डॉन्टलेस' नाव दिलं. ते लांबीला आखूड असल्यानं नीट बसलं. अमेरिकेतले हौशी लोक आजही जुन्या जीपसाठी ते शोधतात. आपल्याकडं ते मिळणं दुरापास्त.

आता बसवण्याबद्दल. घराण्याबाहेरचं इंजिन म्हणजे अॅडॉप्टर प्लेट आली, आणि तिथं माझा जीव सर्वांत जास्त अडकतो. प्लेट बोल्टनं जुळली म्हणजे क्रँक आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट एका रेषेत आले, असं होत नाही. फ्लायव्हीलवर चुंबकी स्टँड लावायचा, डायल गेजचं टोक बेल हाउसिंगच्या भोकाच्या आतल्या कडेला टेकवायचं आणि क्रँक हातानं हळूहळू फिरवायचा. काटा बारा थाऊ हलला, तर केंद्र सहा थाऊनं सरकलेलं आहे. मग डॉवेल काढून पुन्हा बसवायचे, पुन्हा फिरवायचं. काटा पाच थाऊच्या आत येईपर्यंत मी गिअरबॉक्स चढवू देत नाही. घाई करणाऱ्याच्या गाडीत पायलट बुश लवकर खाल्लं जातं, क्लच थरथरतो, टॉप गिअर आपोआप निसटतो, आणि दोष मात्र गिअरबॉक्सला लागतो.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. डिझेल जड असतं, पुढचे पाटे बसतात. रेडिएटर कोअर वाढवावा लागतो. डिझेलमध्ये थ्रॉटलचा व्हॅक्यूम नसतो, त्यामुळं मूळचा व्हॅक्यूमवर चालणारा वायपर ऐन पावसात गप्प होतो. व्हॅक्यूम पंपवाला अल्टरनेटर तरी घ्यावा, नाहीतर वायपरला विजेची मोटार द्यावी. आणि ब्रेक! मूळ नऊ इंची ड्रम साठ-सत्तर हॉर्सपॉवरसाठी होते. इंजिनाची ताकद वाढवून ब्रेक तेच ठेवणाऱ्याचं काम मी घेत नाही.

कागदांचं काम इंजिन विकत घेण्याआधी करावं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं नोंदणीपत्रातला तपशील बदलेल असा फेरफार मनानं करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये हे कलम कडकपणे लावलं आहे. इंधन बदलतं, इंजिन नंबर बदलतो, तेव्हा आधी आरटीओत विचारणं हाच मार्ग. त्याहून महत्त्वाचं, जुलै २०२१ मध्ये केंद्रानं विंटेज वाहनांचे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली खासगी गाडी त्यात नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात आणि नोंदणी दहा वर्षं चालते. १९७० च्या आधीच्या कितीतरी जीप आज या वयात बसतात. त्यात परकं इंजिन बसवलं, की ही वाट मालक स्वतःच बंद करून घेतो. मला याचं वाईट वाटतं, कारण बहुतेकांना हे काम झाल्यावर कळतं.

एवढं सगळं ऐकूनही ज्याला बदलायचंच असतं, त्याचं काम मी मनापासून करतो. फक्त एक अट घालतो, की उतरवलेलं इंजिन भंगारात जाणार नाही. बोअरमध्ये ऑइल सोडून, प्लगची भोकं बंद करून, क्रँक दर काही महिन्यांनी अर्धा फेरा फिरवायचा आणि ब्लॉक लाकडी फळीवर, ओल नसलेल्या खोलीत ठेवायचा. ब्लॉकवरचा नंबर आरसी बुकाशी जुळवून एका कागदावर लिहायचा आणि तो कागद गाडीच्या फाइलीत लावायचा. चासीला नवं फाउंडेशन लावताना जुने ब्रॅकेट कापायचे नाहीत, नवे त्यांच्या शेजारी बोल्टनं बसवायचे. पुढचा मालक किंवा घरातलंच एखादं पोर उद्या मूळ इंजिन परत बसवायला निघालं, तर त्याला वेल्डिंग मशिनला हात लावावा लागू नये.