खुराड्यातला दिवा

वसईतील आमच्या जुन्या घरामागे आईचे खुराडे होते. दहा-बारा गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा, एवढाच तिचा संसार. अंड्यांचे पैसे तिचे स्वतःचे. त्यांचा हिशेब आम्ही कधी विचारला नाही. मात्र एक अडचण दरवर्षी ठरलेली. नाताळ जवळ आला की केकसाठी शेजारीपाजारी अंडी मागू लागत आणि नेमक्या त्याच दिवसांत कोंबड्या हात आखडता घेत.

एका नोव्हेंबरात आम्हांला शहाणपण सुचले. मोठ्या पोल्ट्रीत रात्री दिवे लावतात, हे आम्ही पाहिले होते. आईला न विचारता आम्ही खुराड्यात ६० वॅटचा बल्ब टांगला आणि तो रात्रभर जळत ठेवला. तीनेक आठवड्यांत टोपली भरू लागली. आम्ही मनोमन स्वतःची पाठ थोपटली. पण कोंबड्या दांडीवर स्वस्थ बसेनाशा झाल्या, एकमेकींची पिसे उपटू लागल्या. एका पहाटे एक तलंग टोचून टोचून रक्तबंबाळ झालेली, मरून पडलेली आढळली. आईने तिला उचलले आणि एवढेच म्हटले, "अरे, त्यांना रात्र नको का?"

आम्ही खजील होऊन एका पशुवैद्यांकडे गेलो. त्यांनी समजावले ते असे : कोंबडीला अंड्यांची आज्ञा उजेडाकडून मिळते. हा उजेड डोळ्यांवाटे तर जातोच, शिवाय कवटीच्या पातळ हाडातूनही मेंदूपर्यंत पोहोचतो. दिवस सुमारे १४ तासांचा असला म्हणजे अंडी नेटाने येतात. डिसेंबरात आपल्याकडे तो जेमतेम ११ तासांचा. उणे पडलेले तास पहाटे द्यावेत. संध्याकाळी दिवा लावून तो एकाएकी मालवला, तर अंधारात नीट न दिसणाऱ्या कोंबड्या दांडीवर चढू न शकता खालीच चाचपडत राहतात. मावळतीचा उजेड हळूहळू ओसरतो, म्हणून त्या वेळेवर जागा धरतात. वाढ आठवड्याला अर्ध्या तासाची असावी, आणि दिलेला उजेड एकदम तोडूही नये. तोडल्यास पिसे झडतात, अंडी थांबतात.

आम्ही दिव्याचे तास बेताबेताने कमी केले. पुढल्या वर्षी लहानसा बल्ब लावला, तोही पहाटे ४ पासून उजाडेपर्यंतच. अंडी आली, टोपली भरली नाही, पण नाताळ निभावला. खुराडे मात्र रात्री शांत असे.

आता आई नाही, खुराडेही नाही. आमच्या घरातले दिवे मध्यरात्र उलटली तरी जळत असतात. कामाच्या कागदांवरून मान वर केली की कधीकधी तिचा तो प्रश्न कानी येतो. 'त्यांना' म्हणताना तिने आम्हांलाही त्यात धरले होते काय, हे विचारायचे राहूनच गेले.