जुनं आणि जुनं केलेलं

चंद्रपुरात वाढलेल्या माणसाने सागवानात फसावं, हे सांगायला जड जातं. बल्लारपूरच्या आगारातले ओंडके लहानपणापासून बघितलेले. आलापल्लीचं वनवैभव पाहुण्यांना दाखवताना त्या झाडांची उंची जणू आपलीच कमाई आहे अशा थाटात बोललेलो. 2023च्या मार्चमध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी इथलं सागवान निघालं, तेव्हा मिरवणूक बघायला मीही रस्त्यावर होतो. त्यानंतर काही महिन्यांतच सोफ्याच्या दोन बाजूंना ठेवायला जुनी टेबलं शोधायला निघालो आणि सागाबद्दल आपल्याला फक्त अभिमान आहे, माहिती काहीच नाही, हे कळलं.

पहिलं टेबल नागपूरच्या एका दुकानातून आणलं. गोल फळी, तीन वळणदार पाय, रंग गडद तपकिरी, कडा झिजलेल्या. दुकानदार म्हणाला, इंग्रजांच्या काळातल्या जंगल बंगल्यातलं आहे, 1910च्या आसपासचं, अस्सल अँटिक. अँटिक हा शब्द आपल्याकडे बाबा आदमच्या काळातल्या रेडिओपासून मागच्या पिढीतल्या पंख्यापर्यंत कशालाही लावतात. 1972च्या पुरावशेषांच्या कायद्यात साधारणपणे शंभर वर्षांची अट आहे, हे मला नंतर समजलं. दुकानात मात्र मी कथा विकत घेतली आणि कथेबरोबर टेबल घरी आलं.

आमच्याकडचे सुतार दुसऱ्याच कामासाठी आले होते. त्यांनी चहा संपवला, टेबल उचलून उलटं केलं आणि म्हणाले, "जुनं नाही जी हे, जुनं केलेलं आहे."

मी वाद घातला. त्यांनी वाद न घालता बोट ठेवत दाखवलं. फळी पायांना ज्या स्क्रूंनी धरली होती त्यांना फुलीची खाच होती. तसले स्क्रू 1930च्या दशकात अमेरिकेत आले. 1910च्या टेबलात ते येणार कुठून? नंतर कोणी दुरुस्ती केली असेल, असं मी म्हणालो. म्हणून त्यांनी टेप काढला. फळीचा व्यास रेषांच्या दिशेने मोजला, मग आडवा मोजला. दोन्ही तंतोतंत सारखे. लाकूड वर्षानुवर्षं वाळताना रुंदीला आकसतं, लांबीला जवळजवळ नाहीच. त्यामुळे खरी जुनी गोल फळी मोजली तर किंचित लंबगोल निघते. शिवाय खालची बाजूही वरच्यासारखीच रंगवलेली होती. जुना सुतार न दिसणाऱ्या बाजूला पॉलिश लावायच्या भानगडीत पडत नसे. ती बाजू कोरी राहते आणि हवेने आपोआप काळवंडते. कडांची झीज चारही बाजूंनी एकसारखी होती. माणूस टेबल असं वापरत नाही. जिथे हात टेकतो, पाय लागतो, केरसुणी आपटते, तिथेच ते झिजतं.

रंग बहुधा पोटॅशियम परमँगनेटचा असावा, असा त्यांचा अंदाज होता. विहिरीत टाकतात तेच जांभळं औषध. लाकडावर लावलं की थोड्या वेळात तपकिरी होतं. पायाची एक कड त्यांनी पटाशीने जराशी खरवडली. आत पांढुरकं लाकूड दिसलं. सागच होता तो, पण कोवळ्या झाडाचा, गाभ्याबाहेरच्या पांढऱ्या भागाचा. सागाला वाळवी लागत नाही म्हणतात ते गाभ्याबद्दल खरं आहे. या पांढऱ्या भागाला मात्र भुंगा आवडीने लागतो. पुढच्या पावसाळ्यात पायाखाली पिठासारखी बारीक पिवळी भुकटी पडायला लागली, तेव्हा मला नवल वाटलं नाही.

ही फसवणूक पैशांची होती. दुसऱ्या टेबलाचं जे झालं ते मात्र संपूर्ण माझं कर्तृत्व.

आत्याचे यजमान आलापल्लीकडे वनखात्यात नोकरीला होते. त्या काळी सरकारी कचेरीतलं निर्लेखन झालेलं सामान लिलावात निघायचं, तिथून त्यांनी एक चौकोनी टेबल घेतलं होतं. खाली पांढऱ्या रंगात डेडस्टॉकचा नंबर, एक ओढायचा खण, दोन फळ्या जोडून केलेला माथा. आत्याच्या घरी त्यावर पाण्याचा माठ असायचा. माझा शोध ऐकून ती म्हणाली, "अरे, दुकानं कशाला पालथी घालतोस? हे घेऊन जा." मी घेऊन आलो, आणि शेजारच्या चमकत्या नकली टेबलासमोर मला ते मळकट दिसलं.

पॉलिशवाल्याला बोलावलं. सुतारांना विचारलं नाही, कारण ते नको म्हणतील हे ठाऊक होतं. पॉलिशवाल्याने मशीन लावून दिवसभरात माथा, पाय, खण सगळं घासून काढलं आणि वर मेलामाइन मारलं. उतरलं ते लाखेचं पॉलिश होतं. पळस-कुसुमाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांची लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने थरावर थर चढवत करतात ते. ओळखायला सोपं असतं: कोपऱ्यात दिसणार नाही अशा जागी स्पिरिटचा बोळा फिरवला की लाख मऊ होऊन बोळ्याला चिकटते, मेलामाइन ढिम्म राहतं. अशा पॉलिशवर गरम कप ठेवला तर पांढरं वर्तुळ उठतं, हे खरं. पण ते वर्तुळ त्याच लाखेचा नवा हात फिरवून बरंचसं घालवता येतं. माझ्या टेबलावर एवढाच उपाय हवा होता.

घासल्यावर खालून निघालेला साग बघून मी चक्रावलो. मधासारखा रंग गेला आणि जागोजागी हिरवट, पिवळट पट्टे दिसायला लागले. पॉलिशवाला म्हणाला, उजेडात राहिलं की रंग सारखा होईल. झालाही बऱ्यापैकी. पण आधीचा रंग वरून चढवलेला नव्हता; इतक्या वर्षांच्या हवेने, उजेडाने आणि हातांनी तो लाकडाच्या पृष्ठभागातच तयार झाला होता, आणि तो पृष्ठभाग मी भुकटी करून झाडून टाकला होता. खालचा नंबरही गेला. ते मी पॉलिशवाल्याला मुद्दाम सांगितलं होतं: सरकारी नंबर बैठकीत बरा दिसत नाही. टेबल कुठून आलं हे सांगणारी तेवढीच एक खूण होती.

माथा हात लावला की किंचित हलायचा, तेही मला खपेना. तो खालून लाकडी गुटक्यांनी धरलेला होता. गुटक्याचं एक टोक चौकटीच्या खाचेत सैल बसतं, म्हणजे फळीला फुगायला आणि आकसायला जागा राहते. चंद्रपूरचा उन्हाळा ज्याने काढलाय त्याला ही जागा का लागते हे सांगायला नको. मे महिन्यात पारा 46-47 अंशांवर, खोलीत कूलरची ओली हवा, बाहेर लाकूड तडकवणारी झळ, आणि लगेच मागून पावसाळा. मी पॉलिशवाल्याकडूनच गुटके काढून लोखंडी अँगल आणि स्क्रूंनी माथा घट्ट आवळून घेतला. वरून टेबल कूलरच्या तोंडासमोर ठेवलं. उन्हाळा संपता संपता दोन फळ्यांमधला सांधा शाबूत राहिला आणि एक फळी मधोमध, रेषेत, या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरली.

सुतार आले, वाकून बघितलं. रागावले नाहीत, एवढंच विचारलं, "गुटके ठेवले का काढलेले?" नव्हते ठेवले. त्यांनी अँगल काढले, सागाचे नवे गुटके करून दिले, आणि चिरेत बारीक पट्टी बसवायची का म्हणून विचारलं. नको म्हणालो, आता काही नको.

उंचीचं बोलायचंच राहिलं. सोफ्याच्या हातापेक्षा टेबल इंच-दोन इंच खाली असावं म्हणजे बसल्या बसल्या कप ठेवता येतो. आमच्या सोफ्याचा हात 24 इंचांवर, आत्याचं टेबल जेमतेम 20. एवढ्या मोहिमेत टेप फक्त सुतारांनी वापरला. पायांखाली ठोकळे लावून घ्यायचा विचार आला होता, बायकोने हाणून पाडला. सोफा तसाही बदलायचा झालाय, तेव्हा यावेळी टेबल मोजून सोफा घ्यावा असं तिचं म्हणणं आहे.

आत्या दिवाळीला आली होती. तिने खण उघडून पाहिला, मग वाकून खाली हात फिरवला. "नंबर कुठे गेला रे?" मी खरं ते सांगितलं. ती म्हणाली, तिच्या माठाखाली इतकी वर्षं राहून जे बिघडलं नाही ते माझ्याकडे एका उन्हाळ्यात बिघडलं. आणि मग फराळाचं ताट मागितलं.

नागपूरचं गोल टेबल भुंग्याचं औषध भरून मागच्या व्हरांड्यात ठेवलंय. कूलरमध्ये पाणी भरायची बादली त्यावर असते. गरम भांडं, ओला ग्लास, काहीही चालतं त्याला.